हसण्याआधी उत्तर नीट वाचा!

परीक्षा झाली की दरवेळी तेच. कुणीतरी मुलाच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेचा फोटो काढतं, मोबाइलवर फिरवतं आणि सगळे खो-खो हसतात. डोकं फिरतं माझं.

परवाचंच घ्या. ‘उन्हाळ्यात जास्त का उकडतं?’ उत्तर : ‘सूर्य जवळ येतो म्हणून.’ बाजूला लाल शाईत भलामोठा भोपळा. अहो, त्या पोराने विचार केलाय! शेकोटीजवळ सरकलं की जास्त चटका बसतो, तेच त्याने इथे लावलं. चुकलं, मान्य. मग सांगा ना त्याला, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असताना! तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, जुलैत १५.२ कोटी. सगळी करामत पृथ्वीच्या २३.५ अंशांनी कललेल्या आसाची; जो गोलार्ध सूर्याकडे कललेला, तिथे उन्हाळा. डोळे विस्फारले असते त्याचे.

आणि ‘आस कललेला असल्यामुळे’ एवढं घोकून लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. त्याला विचारा, त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा कसा? बसेल गप्प. त्याला कुणी हसत नाही.

त्या फोटोत अक्षर स्पष्ट दिसत होतं. वर्गातल्या कुणीही ओळखलं असतं. पुढच्या वेळी तो मुलगा ती जागा कोरीच सोडणार.