गवत राखणं म्हणजे चोचले? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘निम्मं रान गवताला सोडायचं आणि त्याला निसर्गसंवर्धन म्हणायचं, हे पोट भरलेल्यांचे चोचले. त्यापेक्षा झाडं लावली असती. कुसळीचं गवत कोण खातं? आणि हरणं माजली तर शेजाऱ्याच्या बाजरीचं काय?’ बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या आमच्या माळाबद्दल लिहिलं, त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही.

मतभेद असू द्या हो. पण ‘चोचले’? एवढा शब्द वापरण्याआधी समोरचा माणूस कोण, कुठला, याची थोडी तरी चौकशी करायची. १९७२च्या दुष्काळात माझ्या आईनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. मदतीत मिळालेल्या सुकडीवर आम्ही दिवस काढले. वैरण नाही म्हणून वडिलांनी दावणीची बैलजोडी मिळेल त्या भावाला दिली, ते मी दारात उभा राहून पाहिलंय. त्या घरातल्या माणसाला गवताची किंमत तुम्ही सांगणार?

आणि रान ‘सोडलेलं’ नाही, राखलेलं आहे. वरच्या मुरमाड तुकड्यातली गिरिपुष्पाची झाडं आम्ही मुळासकट काढली, पवन्या गवताचं बी फोकलं, बांधावर मारवेल गवताचे ठोंब लावले. दिवाळीपर्यंत तिथं जनावर सोडत नाही, मग कापून आणतो. त्यावर गाई जगतात, त्यांचं शेण खालच्या पट्टीतल्या बाजरी-मटकी-हुलग्याला जातं. विकतची वैरण बंद झाली. चोचल्यांनी दावण भरत नसते.

झाडं लावा म्हणणं सोपं आहे. इथं पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. हा माळ म्हणजे जंगल तुटून उरलेला उजाड तुकडा नव्हे, तो पहिल्यापासून गवताचाच. अधूनमधून हिवर, बोर, बस्स. सरकारी नकाशात तो ‘पडीक’ ठरला आणि वृक्षारोपणाला मोकळा झाला. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, नुसत्या मुरमावर, मातीच्या रंगाची. पावलाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तिथं दाट सावली केलीत की तो गेला. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटर. चिंकारा हरणं आणि खोकड, म्हणजे छोटे कोल्हे, तेवढ्यात कसे मावतील? ते आमच्यासारख्यांच्या माळांवरही फिरतात. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली अभयारण्य होऊनही आज माळढोक दिसणं मुश्कील झालंय, तरी आपण माळांवर झाडांसाठी खड्डेच खणतोय.

कुसळीचं मान्य. फुलोऱ्यानंतर जनावर तिला तोंड लावत नाही, मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं घुसतात. म्हणूनच ती कोवळी असताना कापायची, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक आहे.

हरणांचा विषय वेगळा आहे, इथं काढायचं कारण नव्हतं.

पुन्हा लिहायचं असेल तर नाव घालून लिहा. माळ पाहायला यायचं असेल तर श्रावणात या, चहा घेऊ. पण तो शब्द आधी मागे घ्या.