मध घातलेलं सॅलड ड्रेसिंग बिनसाखरेचं होत नाही: एका फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गावांमध्ये, बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘शुगरवाल्यांसाठी क्रीमी सॅलड ड्रेसिंग’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. साखरेशिवाय ड्रेसिंग दाट होत नाही, म्हणून साखरेच्या जागी मध किंवा गूळ घाला, तो शुगरला चालतो. मेयोनीज, ऑलिव्ह तेल आणि मिक्सर नसेल तर घरी करायच्या भानगडीत पडू नका, ‘शुगर फ्री’ लिहिलेली बाटली आणा. दही वापरू नका, लिंबू पिळलं की ते फाटतं आणि त्यातही साखर असतेच. लसूण घातलेलं तेल ओतून ठेवलं की ड्रेसिंग महिनाभर बाहेर टिकतं. आणि रोज वाटीभर सॅलड याच्यासोबत खाल्लं तर दोन महिन्यांत गोळी सुटते.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. घरात कुणाला शुगर निघाली की माणूस दिसेल तो उपाय चारचौघांना सांगतो. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि तो आता खेड्यातही घरोघरी पोचला आहे. अशा वेळी चुकीच्या पाककृतीने नुसती चव बिघडत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा साखरेचा. ड्रेसिंगचा दाटपणा साखरेतून येतो, हे खरं नाही. तो येतो तेलाच्या बारीक थेंबांतून. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पण तेल थेंबाथेंबाने घालत जोरात घोटलं आणि त्या थेंबांना वेगळं धरून ठेवणारा एखादा पदार्थ सोबत असला, तर सगळं मिळून पांढरट, मलईसारखं होतं. मेयोनीजमध्ये हे काम अंड्याचा बलक करतो. जुन्या फ्रेंच पद्धतीचं मेयोनीज म्हणजे बलक, तेल, लिंबू किंवा व्हिनेगर, मोहरी आणि मीठ. त्यात साखर नाही, आणि तरीही ते चमच्याला चिकटून राहतं. ग्रीसमधलं त्झात्झिकी तर घट्ट दही, काकडी, लसूण आणि तेल एवढ्यावरच होतं. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीपासून ते फार लांब नाही.

मग बाजारातल्या बाटलीत साखर का असते? आंबट-खारट चव बोथट करायला. शिवाय तेल महाग, त्यामुळे तेल कमी करून त्या जागी पाणी, स्टार्च, डिंकासारखे पदार्थ आणि साखर घालून अंग आणलं जातं. हा कारखान्याचा हिशोब आहे, आपल्या चुलीचा नाही.

आता मध आणि गूळ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम साखरेत सुमारे ९९ ग्रॅम कर्बोदकं असतात, गुळात ९५ आणि मधात जवळपास ८०. मधातला फरक बहुतेक पाण्याचा आहे. गुळात लोह आणि खनिजं थोडी जास्त असतात, हे मान्य. पण चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य आणि रक्तात चढणारी साखर मात्र पुरेपूर. सणाला घरच्यांसोबत गुळाची पोळी खायची की नाही, ते ज्याने त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं. तिथे निदान गूळ खातो आहोत हे माहीत असतं. सॅलडमध्ये लपून आलेला गूळ जास्त फसवतो, कारण खाणारा निर्धास्त असतो. चिंचेचंही तसंच. ती आंबट लागते म्हणून कुणाला शंका येत नाही, पण तिच्या गरात साखर भरपूर असते. आंबटपणासाठी लिंबू घ्या. कैरीच्या दिवसांत किसलेली कैरी घ्या, ती लिंबापेक्षाही छान लागते.

दह्याबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. दह्यात दुधाची साखर असते, १०० ग्रॅममध्ये साधारण ४ ग्रॅम. विरजणातले जीवाणू दुधातली काही साखर खाऊन आम्ल करतात, म्हणून दुधापेक्षा दह्यात ती कमी. दही फडक्यात बांधून टांगलं की पाण्यासोबत आणखी थोडी निघून जाते. अशा चक्क्याचं दोन मोठे चमचे ड्रेसिंग एका माणसाने घेतलं तर दुधातली साखर जेमतेम ग्रॅमभर पोटात जाते. एवढ्याला घाबरून कुणी बाटली विकत आणत असेल तर ते उलटं झालं. हे ड्रेसिंग ‘वरून साखर न घातलेलं’ आहे, असं म्हणणं प्रामाणिक. ‘शून्य साखर’ म्हणू नये.

राहिलं फाटण्याचं. लिंबाने दूध फाटतं, दही फाटत नाही. दुधातलं प्रथिन आम्लाने गोठतं आणि दह्यात ते आधीच गोठलेलं असतं, म्हणून तर दही घट्ट दिसतं. लिंबू पिळून आणखी काय गोठणार? ज्यांनी ‘फाटलं’ असं पाहिलं असेल, त्यांना बहुतेक वेळा सुटलेलं पाणी दिसलं असणार. ते काकडीचं आणि टमाटरचं पाणी. मीठ लागलं की दोन्ही पाणी सोडतात आणि दाट ड्रेसिंग दहा मिनिटांत ताकासारखं होतं. काकडी चिरून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, पिळा आणि मग ड्रेसिंग घाला. हे वाढायच्या वेळीच करा. दाटपणाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सामानाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो वाचून कितीतरी बाया करून पाहण्याआधीच हात टेकतात. आपल्या पिकांकडे पाहा ना. जवस, तीळ, भुईमूग, करडई, मोहरी. दाट ड्रेसिंगला लागणारं सगळं विदर्भाच्या शेतात येतं आणि आठवडी बाजारात मिळतं. झुणक्यावर कच्चं तेल घेणारे, वडाभातावर फोडणीचं तेल ओतणारे आपण. आपल्याला ऑलिव्ह तेल नाही म्हणून अडायचं कारण काय? ते तेल चांगलंच आहे, पण दाटपणासाठी त्याची गरज नाही.

मी सांगते ती पद्धत अशी. अर्धा किलो दही सुती फडक्यात बांधून तीन तास टांगा. दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का निघतो. म्हशीच्या दह्याचा जास्त, गाईच्या दह्याचा थोडा कमी. मे महिन्याच्या उन्हात तीन तास टांगू नका, फार आंबट होतो. सकाळी लवकर, माठाजवळच्या गारव्यात, दोन तास पुरे. खाली पडलेलं पाणी ठेवून द्या.

अर्धा चमचा मोहरी पाट्यावर थंड पाणी शिंपडत वाटा. आपल्या आज्या लोणच्याला आणि रायत्याला फेसायच्या तशीच. गरम पाणी घेऊ नका, मोहरीचा झणका पाण्यात वाटल्यावरच तयार होतो आणि उष्णतेने तो मरतो. वाटल्यावर दहा मिनिटं थांबा म्हणजे कडवटपणा उतरतो. ही मोहरी नुसती चवीला नाही. तिच्या सालीतला चिकट पदार्थ तेलाचे थेंब धरून ठेवतो, म्हणजे बलकाचं काम इथे मोहरी करते.

दोन मोठे चमचे तीळ मंद भाजून, गार करून, तेल सुटेपर्यंत वाटा. त्यात चमचा चमचा पाणी घाला. पहिल्या चमच्याला तिळाचा गोळा घट्ट होतो, जणू बिघडलंच. तिथे सोडू नका. आणखी थोडं पाणी घालून घोटत राहा, तो आपोआप सैल होतो आणि रंग उजळतो. आता चक्का, मोहरी, वाटलेली लसणाची एक पाकळी, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करा. रवीने घुसळत दोन मोठे चमचे कच्चं तेल बारीक धारेने सोडा. शेवटी हे तीळ आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घाला. फार घट्ट वाटलं तर चक्क्याचं राखून ठेवलेलं पाणी घाला. तिखट हवं असेल तर भिवापुरी मिरचीची पूड चिमूटभर. रंग सुरेख येतो.

यात मिक्सर कुठेच लागला नाही. भारनियमनाच्या दिवसांत हे महत्त्वाचं आहे.

ज्यांना दूध-दही सोसत नाही त्यांच्यासाठी भुईमुगाचे दाणे चार-पाच तास भिजवून, साल काढून, लिंबू-लसणासोबत बारीक वाटावे. चक्क्याइतकंच मऊ होतं. नाहीतर जवस घ्या. भाजलेल्या जवसाची चमचाभर पूड तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते, आणि पातळ झालेलं कुठलंही ड्रेसिंग त्याने सावरतं. जवस भाजूनच घ्यावं. जवसाचं तेल वापरायचं तर ताजं, घाण्यावरचं, थोडंच आणा. ते लवकर खवट होतं आणि तापवायचं तर मुळीच नाही.

तेल आणि दाणे आहेत म्हटल्यावर उष्मांक आहेत. मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या जवळपास. तेव्हा साखर नाही म्हणून वाटीभर ड्रेसिंग ओतायचं नसतं. माणशी दोन मोठे चमचे, बस.

‘शुगर फ्री’ बाटलीचं काय? हे शब्द कुणालाही मनाला येतील तसे छापता येत नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर तो दावा करता येत नाही. म्हणजे साखरेपुरता त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण साखर नाही म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं काहीच नाही, असा अर्थ होत नाही. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. जास्त वजनाचा घटक आधी, असा तिचा क्रम असतो. माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द दिसला तर थांबा. तो स्टार्चपासून केलेला पदार्थ आहे. त्याची गणना साखरेत होत नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झपाट्याने होतं. आणि साध्या बिनअंड्याच्या मेयोनीजच्या यादीत तेल आणि पाण्यानंतर बहुतेक वेळा साखरच असते. त्याला क्रीमी म्हणून शुगरवाल्यांच्या ताटात वाढू नका.

अंड्याचं मेयोनीज घरी करणाऱ्यांनी कच्च्या अंड्याचा विचार करावा. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळला लागून असलेल्या तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये. कारण होतं विषबाधा. फ्रिज नसलेल्या घरात, आपल्या उन्हाळ्यात, हा धोका पत्करू नये.

इथूनच महिनाभर टिकण्याच्या गोष्टीकडे येते. चक्क्याचं ड्रेसिंग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. फ्रिज नसेल तर ज्या जेवणासाठी केलं त्याच जेवणात संपवा. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तासा-दोन तासांत ते उतरतं. आणि लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा सल्ला तर खरोखर घातक आहे. लसूण मातीत वाढतो, मातीत बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा पोचत नाही. हवा नसलेली जागा त्याला मानवते. तो जे विष तयार करतो त्याने ना वास बदलतो ना चव, म्हणून ‘चाखून पाहू’ हा उपाय इथे चालत नाही. लसूण रोजचा रोज वाटा.

आणि गोळी. सॅलड आधी, मग भाकर-भाजी, अशा क्रमाने जेवल्याने साखर जरा हळू चढते, हे खरं आहे. पण ड्रेसिंगने गोळी सुटत नाही. गोळी कमी करायची की नाही हे तपासणीचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतात. तीस वर्षांवरच्या माणसांची साखर आणि रक्तदाब गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत तपासतात. आशाताईला विचारा, त्या दिवस सांगतील.

मेसेजने न सांगितलेली उलटी बाजूही आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना ‘आज नुसतं सॅलड’ म्हणून भाकर टाळली आणि तसंच निंदायला गेलं, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. त्या वेळी पथ्य बाजूला ठेवून तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, आणि बरं वाटल्यावर भाकर खाऊ घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.