चाळीस शब्दांची बातमी

एकोणीस वर्षं मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. शहराचं पान माझ्याकडे असायचं. रात्री साडेनऊ-दहाला क्राइम रिपोर्टर दिवसभराच्या बातम्या टाकायचा आणि त्यात एक तरी अशी असायचीच: 'अल्पवयीन मुलीस फूस लावून पळविले.' मथळा आधीच तयार, फक्त वय आणि ठाण्याचं नाव बदलायचं. चाळीस शब्द, फोटो नाही, पानाच्या तळाशी जाहिरातीच्या वर जागा उरेल तिथे. आज जागा नाही उरली तर उद्या. उद्याही नाही उरली तर बातमी गेली.

हे आज लिहितोय कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचा ठेला लावणाऱ्या भाऊंची मुलगी मध्यंतरी शिकवणीला म्हणून निघाली आणि घरी आली नाही. नववीत आहे. आधीच सांगतो, ती सापडली. अठरा दिवसांनी, दुसऱ्या राज्यात. कुठे होती, कोणासोबत होती, काय झालं, हे मी लिहिणार नाही आणि कृपा करून कोणी इनबॉक्समध्ये विचारू नका. तिला याच शहरात राहायचं आहे, इथेच दहावी करायची आहे.

त्या रात्री अकराच्या सुमारास भाऊ माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या शिपायाने वय विचारलं आणि चौदा ऐकताच पेन खाली ठेवला. "मोबाइल होता का तिच्याजवळ? मंग कोणासोबत गेली असन. आजकालच्या पोरी अशाच आहेत काका. दोन दिवस पाहा, येऊन जाईन." भाऊ हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "साहेब, ते एकटी बर्डीच्या बाजारात बी नाही गेली कधी."

मी त्या शिपायाला सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश सांगितला. बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच आणि ते पळवलं गेलंय असं धरूनच तपासाला लागायचं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचं. 'दोन दिवस पाहा' असं त्यात कुठेही नाही. वरच्या साहेबांना फोन झाला, आणि रात्री दीड वाजता गुन्हा दाखल झाला. सोबत पेपरातला जुना माणूस होता म्हणून दीड वाजता झाला. नसता तर कधी झाला असता, हे भाऊंना आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

तक्रारीची प्रत हातात आली तेव्हा मला धक्का बसला तो तिच्यातल्या भाषेचा. 'कोणीतरी अज्ञात इसमाने कशाचे तरी आमिष दाखवून फूस लावून पळवून नेले.' माझ्या चाळीस शब्दांतली भाषा, जशीच्या तशी. कागदावर अपहरण, आणि टेबलापलीकडे तोंडी 'पळून गेली'. पुढचे सगळे दिवस तपास चालला तो या तोंडी वाक्यावर.

'पळून गेली' हा शब्द किती जणींवर बसतो ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी देशभरात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद आहे. त्यात ६२,९४६ मुली. म्हणजे दर चार हरवलेल्या मुलांमागे तीन मुली. मुलगा हरवला तर 'हरवला', मुलगी हरवली तर 'गेली'. आणि समजा खरंच स्वतःहून गेली असेल, तर? चौदा वर्षांची पोर घर सोडते ती कशाने? घरी मारतात, लग्न जुळवून राहिले, कोणी कामाचं आमिष दाखवलं, पंचवीस वर्षांच्या कोणी लग्नाचं वचन दिलं. यातलं कुठलंही कारण घ्या, ती आणखी लवकर सापडायला हवी हेच त्यातून निघतं. अठराखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही ती याचसाठी. पण आपण समाज म्हणून हा शब्द उच्चारतो आणि आपली काळजी तिथेच संपते. शिपायाने तो शब्द आपल्याकडूनच घेतला आहे. आमच्याच गल्लीत दुसऱ्या दिवशी सकाळी तीन जणांनी मला तोच सांगितला.

शिवाय हे नागपूर आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या आपल्या स्टेशनवर एकमेकींना छेदतात. शाळेत आपण हे अभिमानाने पाठ केलं. संध्याकाळी पाचला निघालेलं मूल रात्री दीडपर्यंत बल्लारशाच्या खाली, इटारसीच्या वर, दुर्ग ओलांडून किंवा भुसावळच्या पुढे, कुठेही असू शकतं. स्टेशनच्या आत हद्द लोहमार्ग पोलिसांची, बाहेर शहर पोलिसांची. फलाटावरचं फुटेज हवं तर पत्र द्या, पत्राला उत्तर येऊ द्या. भाऊंच्या मुलीच्या प्रकरणात त्यात दोन दिवस गेले. चौकातल्या ज्या कॅमेऱ्यावर आमची भिस्त होती तो बंद निघाला.

आता माझ्या स्वतःच्या टेबलाकडे येतो. २०१६ चा पावसाळा. एकाच रात्री दोन बातम्या आल्या. एक, इंग्रजी शाळेतला आठवीचा मुलगा, वडील नावाजलेले व्यावसायिक, दुपारी घरून निघून गेला होता. दुसरी, कळमन्याकडच्या वस्तीतली बारा वर्षांची मुलगी, तीन दिवसांपासून बेपत्ता. मुलाची बातमी मी चार कॉलम लावली, शाळेच्या गणवेशातला फोटो, वडिलांचं आवाहन, चौकट. मुलीची चाळीस शब्दांत. मला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. संपादकांचा फोन नव्हता, जाहिरात विभागाचा नव्हता. माझ्या हाताला सवय होती. 'आपला वाचक' म्हणून माझ्या डोक्यात जे घर होतं, त्या घरातला मुलगा होता तो. मुलगा रात्रीतून फुटाळा तलावावर सापडला. मुलीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही, कारण तिची दुसरी बातमी आलीच नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या मुलासाठी त्या रात्री सहा पथकं फिरत होती. मी मथळ्यात तसं लिहिलंही होतं, 'सहा पथके रवाना'. ही पथकं आली कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्याच ठाण्यांतून आली. तीच माणसं, त्याच गाड्या, तोच सायबर सेलचा एक टेबल. सहा पथकं एका मुलामागे लागली म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी मुलीची फाइल त्या रात्री मिटली. आपल्या ओरडण्याने पोलिसांकडे जास्तीचा माणूस येत नाही, जास्तीचा पैसाही येत नाही. जो आहे तो फक्त एका घरून उचलून दुसऱ्या घरी जातो. आणि कोणत्या घरी जायचा ते पेपर, वाहिन्या आणि आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठरवतात.

नोएडात २००६ मध्ये हेच घडलं होतं. त्या नोव्हेंबरात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याचं लहान मूल पळवलं गेलं, देशभर बातमी झाली, मूल काही दिवसांत घरी आलं. त्याच शहरात निठारीतली गरिबांची मुलं कितीतरी महिने एकामागून एक नाहीशी होत होती आणि त्यांच्या आईबापांना ठाण्यातून परत पाठवलं जात होतं. डिसेंबरच्या शेवटी नाल्यात सांगाडे निघाले तेव्हा कॅमेरे तिकडे वळले. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढत आरोपींना निर्दोष ठरवलं. ज्यांच्या तक्रारी वेळेवर लिहूनच घेतल्या नाहीत, त्यांच्यासाठी पुरावा कुठून उरणार होता?

लांब कशाला, आपल्या शेजारचं भंडारा घ्या. फेब्रुवारी २०१३, लाखनी तालुक्यातलं मुरमाडी. तीन सख्ख्या लहान बहिणी १४ तारखेला दिसेनाशा झाल्या, १६ तारखेला विहिरीत मृतदेह सापडले. गावकऱ्यांनी महामार्ग अडवला तेव्हा दिल्लीला मुरमाडी कुठे आहे ते कळलं. दोन महिन्यांआधीच दिल्लीतल्या त्या बलात्काराने सगळा देश रस्त्यावर आला होता. मुरमाडीसाठी नागपुरात किती मेणबत्त्या लागल्या, आठवून पाहा. आणि आपल्याला लावता येतात. २०११ आणि २०१४ मध्ये आठ-आठ वर्षांच्या दोन मुलांना खंडणीसाठी पळवून मारलं, तेव्हा हे शहर घरातलं मूल गेल्यासारखं रडलं होतं. ते रडणं खरं होतं, मी त्याबद्दल एक शब्दही वावगा बोलणार नाही. ते सगळ्या लेकरांच्या वाट्याला यावं, एवढंच माझं मागणं आहे.

पैशाचं बोलतो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. भाऊंच्या मुलीचं लोकेशन सातव्या दिवशी मिळालं. पथक तिकडे जायला आणखी आठ दिवस लागले. तपास अधिकारी, मनाने चांगला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, परवानगी यायची आहे, गाडी नाही, आणि प्रवासाचं बिल निघता निघता सहा महिने जातात. खिशातून किती घालू?" शेवटी गाडी भाऊंनी केली. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, पथकाचं जेवण. बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून. परराज्यात मूल शोधायला पोलिसांना घेऊन जाण्याचा खर्च हरवलेल्या मुलीचा बाप करतो, याची बातमी मी एकोणीस वर्षांत एकदाही लावली नाही.

पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि पोलिसांच्या तरतुदीतला मोठा वाटा पगार, भत्ते, पेन्शनमध्येच जातो. तपासाच्या हातखर्चाला जे उरतं ते फारच थोडं. गाड्या मिळतात तेव्हा हिरवा झेंडा दाखवतानाचे फोटो आपण छापतो, त्या गाड्या नंतर कोणासाठी धावतात हे पाहत नाही. महिलांच्या सुरक्षेसाठी २०१३ मध्ये निर्भया निधी उभा राहिला. त्याच निधीतून मुंबई पोलिसांनी २२० बोलेरो घेतल्या आणि त्यातल्या काही आमदार-खासदारांच्या सुरक्षेला लावल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये उघडकीला आलं. तेव्हा चार दिवस गदारोळ झाला. त्या काळात ज्या ठाण्यात गाडी नव्हती म्हणून एखाद्या मुलीचा शोध थांबला असेल, तिची मोजदाद कोण करणार?

बंदोबस्ताचं तर नागपूरकरांना सांगायला नको. डिसेंबरात अधिवेशन आलं की ठाणी अर्धी रिकामी. त्याआधी विसर्जन, दीक्षाभूमीची गर्दी, मध्ये एखाद्या बड्या नेत्याचा दौरा. बाल न्याय कायद्याच्या १०७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा. आमच्या ठाण्यात तो आहे, भिंतीवरच्या फलकावर नावही आहे. त्याच्याकडे मुलांच्या कामासोबत चोऱ्या, अपघात, समन्स आणि बंदोबस्त, सगळंच आहे. त्याला दोष देऊन मला झोप येणार नाही. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे, जी हरवलेल्या मुलांच्या शोधमोहिमेचा, 'ऑपरेशन मुस्कान'चा, एखादा महिना साजरा करते आणि उरलेले अकरा महिने त्या माणसाला चौकात उभं करते.

आणि आपण. हरवलेल्या मुलाचा फोटो पुढे पाठवला की आपलं मन हलकं होतं, ना तारीख पाहतो, ना ठाण्याचं नाव. मूल घरी येऊन दोन वर्षं झाली तरी त्याचा चेहरा ग्रुपांवर फिरतोच आहे. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हाही त्यातलाच मेसेज. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेपायी जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. मूल कोणी पळवलेलंच नव्हतं. अनोळखी भिक्षेकऱ्याची एवढी भीती वाटणारे आपण, इस्त्रीवाल्याची मुलगी खरोखर नाहीशी झाली तर 'गेली असन कोणासोबत' म्हणून चहा पितो.

डेस्कवर आज जे मित्र आहेत त्यांना एक विनंती. हरवलेल्या मुलांची रोज एक चौकट लावा, सगळ्यांना सारखी जागा, गणवेश कोणत्या शाळेचा ते न पाहता. कुटुंब आणि पोलीस हो म्हणतील तिथे फोटो, आणि मूल सापडलं की तेही छापा, नाव-फोटो न देता. मी खुर्चीत होतो तेव्हा हे करू शकत होतो, केलं नाही. त्याची लाज वाटते.

मागच्या सोमवारी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे. आपल्या राज्यात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर विचारावं लागतं, म्हणून नेमकं तेवढंच विचारलं: गेल्या पाच वर्षांत शहरातल्या प्रत्येक ठाण्याला हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी परराज्यात पथक पाठवायला किती रक्कम मंजूर झाली, किती बिलं निघाली, किती अडकली आहेत. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आलं की इथेच टाकीन, नाही आलं तर अपील करीन, त्याचीही प्रत टाकीन. ज्यांच्या घरून असा गाडीचा खर्च झाला आहे त्यांनी मुलाचं नाव-गाव न देता फक्त वर्ष आणि रक्कम मला इनबॉक्समध्ये कळवा. भाऊंची रक्कम वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवली आहे, एकवीस हजार चारशे रुपये.