घासून नेलेली टाच

मंगळवारी सकाळी मी वीस मिनिटं वजरीने टाच घासली. उजवी, म्हणजे दुखत होती तीच. कळवळत घासली. कारण आदल्या रात्री बायको म्हणाली होती, "असली भेगाळलेली टाच काढणार डॉक्टरांपुढे? काय म्हणतील ते?" घासून झाल्यावर खोबरेल तेल लावलं, त्यावर दिवाळीतले कोरे मोजे चढवले. लग्नात सासऱ्यांनी पाय धुतले होते, त्यानंतर या पायाचा एवढा मान पहिल्यांदाच झाला.

आणि डॉक्टरांनी टाच बघितलीच नाही.

आज शुक्रवार आहे. मी अजून धुमसतोय.

दवाखाना सांगली-मिरज रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, कारण येत्या मंगळवारी परत जायचंय. आमच्याकडे डॉक्टरांचा तुटवडा नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. कर्नाटकातूनही पेशंट येतात, त्यामुळे वेटिंगमध्ये एका बाकावर मराठीत कण्हणं चालू असतं आणि दुसऱ्या बाकावर कानडीत. मला साडेदहाची वेळ दिली होती. गेल्यावर कळलं, साडेदहाची वेळ सगळ्यांनाच दिली होती. माझा नंबर तेविसावा.

शेजारी तात्या बसले होते. तात्या हे नाव मी ठेवलंय. खरं नाव विचारायला त्यांनी सवडच दिली नाही. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार, पांढरी टोपी, मांडीवर साडीच्या दुकानाची फुगलेली पिशवी.

"पावणं, काय हुतंय?"

"टाच दुखते."

"टाच?" मटणाच्या पंगतीत वरणभात वाढल्यासारखा त्यांचा चेहरा पडला. "एमआरआय काडलाय?"

"नाही."

"मग आत जाऊन दावणार काय?"

मी गप्प झालो. तात्यांनी पिशवी उघडली आणि लग्नाचा अल्बम दाखवावा तसे एकेक कागद काढायला सुरुवात केली. हा गुडघा. हा बी गुडघा, पण दुसरा. ही २०१४ ची सोनोग्राफी, हिच्यात पित्ताशय हाय, पुढच्यात न्हाई. त्यातले खडे बाटलीत घालून घरी टीव्हीशेजारी ठेवलेत, कधी आलात तर दावतो. प्रत्येक फिल्म ते खिडकीच्या उजेडाकडे धरत आणि समोरच्या बाकावरची माणसंही माना वर करून बघत. एका कानडी आजोबांनी तर गुडघा बघून हळहळल्यासारखं 'च्च' केलं.

अर्धा तास मी समजत होतो की हे सगळं तात्यांचंच. एवढं भोगूनही माणूस किती टवटवीत! मग कळलं की दोन्ही गुडघे आणि पित्ताशय पलीकडे बसलेल्या काकूंचं. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. आपल्या पोटातली सोनोग्राफी अख्ख्या वेटिंगमधून फिरून येतेय, याचं त्यांना काही वाटत नसावं.

"आणि तुम्हाला काय होतंय?" मी तात्यांना विचारलं.

"मला कशाला काय हुतंय? मी बागंत असतो."

मग त्यांनी विमा काढलाय का विचारलं. मी म्हटलं, काढलाय, पण नुसत्या तपासणीचे पैसे मिळत नाहीत. "ॲडमिट व्हा की मग! चोवीस तास झोपलं की विम्यात बसतंय. नुसतं बसलं तर न्हाई बसत." विमा कंपनीने मला चाळीस पानी पुस्तिका पाठवली होती. त्यातलं एवढं स्पष्ट एकही वाक्य मला आठवत नाही.

एव्हाना टाय लावलेला, औषध कंपनीचा एक एमआर बॅग घेऊन आमच्या सगळ्यांच्या आधी आत गेला आणि हसत बाहेर आला. दवाखान्यातून हसत बाहेर येणारा मी त्या दिवशी बघितलेला तो एकमेव माणूस.

"काडा मोजा," तात्या अचानक म्हणाले.

"इथे?"

"मग काय शेतात?"

काढला. सगळा बाक बघत होता. तात्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि म्हणाले, "सोच्च हाय की!"

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वीस मिनिटांच्या वजरीचं कुणीतरी चीज केलं. तेवढ्यात त्यांनी टाचेच्या पुढच्या कडेला अंगठा रुतवला आणि मी असा ओरडलो की काऊंटरवरची मुलगी उभी राहिली. "ओ काका, शांतता ठेवा! पेशंट आहेत इथे."

"हितंच," तात्या समाधानाने म्हणाले. "बागंवर रोग आला तर डावणी हाय का भुरी, ते पान उलटं केल्याबिगर मी फवारणीचा ब्लोअर सुरू करत न्हाई. वरनं नुसता तेलकट पिवळा डाग दिसतोय. पांढरं सगळं खाली असतंय."

सव्वाला माझा नंबर आला. डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये बघत होते.

"बोला."

"टाच दुखते. सकाळी उठल्यावर पहिली पावलं..."

"एक्स-रे काढून घ्या."

म्हटलं, निदान टाच तरी दाखवावी. मोजा काढायला खाली वाकलो. पाया पडतोय असं वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "राहू दे, राहू दे."

संपलं. पावणेतीन तास थांबून दीड मिनिट. फी ५०० रुपये.

पूर्वी डॉक्टरांचं अक्षर लागत नसे, ते बरं होतं. आता छापील कागद मिळतो आणि सगळं वाचता येतं. दुखण्याची गोळी. त्या गोळीने पोट बिघडू नये म्हणून दुसरी गोळी. कॅल्शियम. ६०,००० युनिटचं व्हिटॅमिन डी, आठवड्यातून एकदा. मेडिकल कौन्सिलने २०१६ सालीच नियम केलाय की औषधाचं मूळ नाव लिहावं, शक्यतो मोठ्या अक्षरांत. माझ्या कागदावर अक्षरं मोठी होती, नावं मात्र कंपन्यांची. आणि ती नावं गावात इतर कुठल्याच मेडिकलला ठाऊक नव्हती, फक्त दवाखान्याच्या जिन्याखालच्या मेडिकलला तोंडपाठ होती. बिल ११८० रुपये.

डॉक्टरांच्या बाजूनेही विचार करून बघितला. बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली, प्रत्येकाची टाच हातात घेत बसलं तर रात्र होईल. बरोबर आहे. पण मग चाळिसांनाही साडेदहा कशाला सांगता? आणि मान वर करायला किती वेळ लागतो? माझ्या चेहऱ्याकडे त्या माणसाने एकदाही बघितलं नाही. उद्या मी भाजी मंडईत भेटलो तर ते मला ओळखणार नाहीत. माझं व्हिटॅमिन डी समोर आलं तर कदाचित ओळखतील.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं निघालं. घरी येऊन वाचलं तर असं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या एक्स-रेतही सापडतं, आणि टाचदुखी बहुतेक वेळा विचारून आणि दाबून बघूनच कळते. म्हणजे जे कळायचं होतं, ते बाहेरच्या बाकावर फुकटात कळलं होतं.

मंगळवारी रिपोर्ट दाखवायला जायचं. आठ दिवसांच्या आत गेलं तर फी नाही. काल जेवताना बायकोने विचारलं, "सोमवारी रात्री पाय भिजवायला पाणी तापवू का?"

"कशाला? मोजा काढायची वेळच येत नाही तिथे."

"असू दे," ती म्हणाली. "ते तात्या परत भेटले म्हणजे?"