मुलींमुळे स्काऊट बुडाले म्हणे!

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. दादरच्या ग्रुपवर वाचला, मग मुलुंडच्या मावसबहिणीकडून आला, मग बोरिवलीहून. मजकूर तोच, फक्त इमोजी वाढत गेलेले. गोषवारा असा: अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सनी मुलींना आत घेतले आणि शंभर वर्षांची संस्था दिवाळखोर झाली. स्काऊट ही मुळात मुलग्यांना मर्द बनवणारी चळवळ. तिच्यात स्त्रीवाद्यांनी मुली घुसवल्या. आता तेच लोण आपल्याकडे आले आहे, शिबिरात मुलगे-मुली एकाच तंबूत आणि मुलग्यांच्या हातात लाटणे. शाळेत समानतेचे धडे देऊन मुले ना धड इकडची, ना तिकडची होतात. सबब, मुलाचे नाव स्काऊटमधून काढून घ्या.

लिहिणाऱ्याला तंबूची जास्त भीती वाटते की लाटण्याची, हे शेवटपर्यंत कळत नाही. तरी एकेक मुद्दा घेऊ.

आधी दिवाळे. बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकाने मुलींना घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केला. लहान मुली २०१८ मध्ये कब या छोट्यांच्या विभागात आल्या, मोठ्या मुली फेब्रुवारी २०१९ पासून. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. तारखा पाठोपाठच्या आहेत, आणि मजकुराचा सगळा डोलारा तेवढ्यावरच उभा आहे. पण अर्ज कशासाठी केला? संस्थेतल्या प्रौढांनी लहान मुलग्यांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांमुळे. त्या प्रकरणात ८२ हजारांहून अधिक लोकांनी दावे दाखल केले. बहुतेक सगळे पुरुष, कित्येक तर साठी-सत्तरीतले. ज्यांच्याविषयी तक्रारी होत्या अशा प्रौढांच्या फायली संस्था १९२० च्या दशकापासून जपून ठेवत होती, आणि तितक्याच जपून लपवतही होती. २०१० मध्ये ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या ज्युरीने एका प्रकरणात १ कोटी ८५ लाख डॉलरची दंडात्मक भरपाई लावली. २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने हजारावर फायली लोकांपुढे आल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी जुन्या अत्याचारांवर दावा करायला नव्याने मुदत दिली आणि लोंढा सुरू झाला. शेवटी ठरलेली भरपाई सुमारे २४६ कोटी डॉलरची आहे.

म्हणजे दिवाळे वाजले ते निव्वळ मुलग्यांच्या काळातल्या पापाचे. कब आणि स्काऊट पथकांत मुली तेव्हा नव्हत्याच.

सदस्यसंख्या घटली हे खरे, पण घसरण १९७० च्या दशकापासूनची आहे. २०१९ च्या अखेरीला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने आपली लाखो मुले काढून घेतली, हा सर्वांत मोठा एकगठ्ठा फटका. त्यामागे स्काऊट्सच्या बदलत्या धोरणांबद्दलची नाराजी अजिबात नव्हती असे मी म्हणणार नाही. समलिंगी प्रौढांना नेते म्हणून घेण्यावरून २०१५ पासूनच दोघांत तणाव होता. त्यात लगेच कोविड आला. एवढ्या सगळ्यातून एकच कारण निवडायचे आणि ते मुलींचे निवडायचे, हा हिशेब नव्हे. संस्था बंदही पडलेली नाही. फेब्रुवारी २०२५ पासून ती ‘स्काऊटिंग अमेरिका’ या नावाने चालू आहे, आणि २०२१ मध्ये जवळपास हजार मुलींच्या पहिल्या तुकडीने तिथला ईगल स्काऊट हा सर्वोच्च दर्जा मिळवला.

या प्रकरणातून मुंबईच्या पालकाने काही घ्यायचेच असेल तर ते वेगळे आहे. शिबिराला सोबत कोण जाते, एकटा प्रौढ आणि एकटे मूल बंद दाराआड राहणार नाही याची सोय काय, तक्रार कोणाकडे करायची, हे शाळेला विचारावे. मुलगा असला तरी विचारावे. मुलग्याच्या बाबतीत ‘त्याला काय होतंय’ म्हणून आपण हे विचारतच नाही, आणि अमेरिकेतल्या त्या हजारो मुलग्यांच्या बाबतीत नेमके तेच घडले.

आता ‘मुळात’ हा मुद्दा. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काऊटचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी वीसेक मुलगे नेले होते, हे बरोबर. पण दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९०९ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा पहिला मोठा मेळावा भरला तेव्हा तिथे मुली आल्या. कोणी बोलावले नव्हते. डोक्यावर स्काऊटची टोपी, हातात काठी, आणि म्हणणे एवढेच की आम्हीही स्काऊट आहोत. कित्येक जणींनी तोवर नावे नोंदवून, मुलग्यांसारखेच संघ काढून कामही सुरू केले होते. त्यांना आत घ्यावे तर त्या काळच्या इंग्लंडमध्ये ओरड झाली असती, हाकलावे तर कोणत्या तोंडाने? मग १९१० मध्ये त्यांच्यासाठी गर्ल गाईड्स ही वेगळी संघटना काढली आणि बेडन पॉवेल यांची धाकटी बहीण ॲग्नेस हिच्याकडे ती सोपवली. मुली स्काऊटमध्ये घुसवल्या गेल्या नाहीत. त्या आधीच आत होत्या, त्यांना बाजूच्या खोलीत बसवले गेले.

आणि ‘मुळात कोणासाठी’ हे एकदा विचारलेच, तर उत्तर पुरते ऐकायची तयारी ठेवावी. भारतात १९०९ मध्ये स्काऊट पथके निघाली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलग्यांची. गाईडची पहिली कंपनी, म्हणजे मुलींचे पथक, १९११ मध्ये जबलपूरला निघाली, तीही त्याच वर्तुळात. भारतीय मुलग्याला दार बंद. म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली, आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत सेवा समितीची. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या गिरगावच्या किंवा परळच्या गृहस्थांच्या आजोबांनाही मूळ नियमाने स्काऊटचा स्कार्फ मिळाला नसता. मूळ नियम मोडला म्हणून तर चिरंजीव आज तो गळ्यात घालतात.

तंबूचा मुद्दा लवकर संपतो, कारण त्यात काही नाही. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही तिच्यात आल्या. म्हणजे मुलगे-मुली एका संघटनेत यायचे ‘लोण’ अमेरिकेहून आलेले नाही. अमेरिकेच्या पासष्टहून अधिक वर्षे आधी ते आपणच करून बसलो. शिवाजी पार्कच्या स्काऊट हॉलमध्ये दोघांचे कार्यक्रम होत आलेले आहेत. पण पथके वेगळी आहेत. मुलग्यांचे स्काऊट पथक आणि स्काऊट मास्टर, मुलींची गाईड कंपनी आणि गाईड कॅप्टन, आणि ही कॅप्टन बाईच असते. लहान मुलग्यांचे कब वेगळे, लहान मुलींच्या बुलबुल वेगळ्या. तंबूही अर्थातच वेगळे. वचन मात्र दोघांचे एकच आहे, सोपान, म्हणजे परीक्षांच्या पायऱ्या, त्याही त्याच नावांच्या, आणि वरच्या टोकाला राष्ट्रपती पुरस्कारही दोघांना.

इथे माझे मत सांगून टाकते. वेगळी पथके मला खटकत नाहीत. नववीतल्या मुलीला मुलग्यांच्या नजरेशिवाय धडपडायला, चुकायला, ओरडायला एक जागा असावी, याला मोल आहे. ब्रिटनमध्ये स्काऊटचे दार १९९१ पासून मुलींना सगळ्या वयोगटांत उघडले आणि २००७ पासून ते प्रत्येक पथकाला बंधनकारक झाले. तरी तिथली गाईड संघटना मुलींपुरतीच राहिली आणि दोन्ही चालतात. जगभरातल्या गाईड्सची जी मोजकी जागतिक केंद्रे आहेत त्यातले एक, ‘संगम’, १९६६ पासून पुण्यात आहे. मुंबईच्या किती गाईड कंपन्या तिथे जाऊन येतात, हे शाळांनीच एकदा मोजावे. तेव्हा भांडण एकत्र की वेगळे याचे नाही. वेगळे ठेवून एकीला कमी मिळते का, याचे आहे. आणि मिळते. मुलग्यांचे पथक डोंगर चढायला जाते, आणि मुलींच्या वाट्याला पाहुण्यांच्या स्वागताला रांगोळी आणि लेझीम येते. मुलग्यांच्या संघांना वाघ-गरुडांची नावे, मुलींच्या संघांना फुलांची. नावाने काही बिघडत नाही, पण गुलाब संघालाही चौकोनी बांधणी करून पूल उभारता आला पाहिजे. मजकूर लिहिणाऱ्याला यातले काही दिसले नाही.

लाटण्याकडे येऊ. मुलग्यांना रांधायला शिकवणे हे नवे खूळ आहे, असा त्याचा दावा. स्काऊटिंगमध्ये चूल पहिल्या दिवसापासून आहे. रानात गेलात तर सोबत आई नसते, इतके साधे कारण. आपल्या सोपानांच्या परीक्षांत मुलग्यांना चूल पेटवून जेवण करून दाखवावे लागते. बिनभांड्यांचा स्वयंपाक हा शिबिरातला सगळ्यात धमाल प्रकार. निखाऱ्यात भाजलेले कांदे-बटाटे, काठीला कणीक गुंडाळून केलेली भाकरी, आणि वर राख. अमेरिकेत ईगल स्काऊट व्हायला स्वयंपाकाचा बॅज २०१४ पासून सक्तीचा आहे, म्हणजे मुली यायच्या कितीतरी आधी. त्या मुलग्यांचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

आणि हा आक्षेप मुंबईत घेतला जावा याचे मला जास्त नवल वाटते. हे शहर एकट्याने राहणाऱ्या, रांधता न येणाऱ्या पुरुषांनी भरलेले होते. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळवाल्या बाईंकडे जेवत. त्या बाया दिवसाला कितीजणांचे दोन वेळचे रांधत, सावकाराकडून उधारीवर किराणा आणत, आणि गिरणीचा पगार अडला की त्यांचेही अडे. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करावे लागले. पुरुषाला स्वयंपाक न येण्याची किंमत कोणी भरली, हे गिरणगावाला कोणी नव्याने सांगायला नको. आज त्या कामगाराचा नातू पवईला किंवा बंगळुरूला चौघांत फ्लॅट घेऊन राहतो आणि रोज ॲपवरून मागवतो.

देशभरचे चित्र केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत आहे. दिवसभरात बिनपगारी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. जे हात लावतात त्यांच्यातही स्त्रियांची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. शिबिरातली एक भाकरी हा आकडा हलवणार नाही, ठीक. पण ती भाकरी मुलग्याला बायकी करते म्हणणाऱ्याने लष्कराच्या लंगरात कोण रांधते ते पाहून यावे.

खरी अडचण उलट आहे. मुलगे पुरेसे रांधतच नाहीत. ‘खरी कमाई’चा दिवस आठवा. मुलांनी स्वतः पदार्थ करून विकायचे आणि श्रमाचे चार पैसे मिळवायचे, ही कल्पना. प्रत्यक्षात आदल्या रात्री इडलीचे पीठ आई वाटते, भेळेची चटणी आई करते, सकाळी डबे रिक्षातून बाबा पोचवतात, आणि चिरंजीव टेबलामागे उभे राहून दहा-दहाच्या नोटा मोजतात. कमाई खरी, पण आईची. याविरुद्ध एखादा मजकूर फिरला तर मी तो आनंदाने पुढे पाठवीन.

राहिला शाळेतल्या ‘धड्यां’चा मुद्दा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडतानाचे चित्र आले तेव्हाही काहींनी नाके मुरडली होती. असे शिकवून मुले बिघडतात का, हे तपासलेले आहे, आणि तेही याच शहरात. महापालिकेच्या ४५ शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत एका कार्यक्रमाची चाचणी घेतली गेली. त्यात एका संशोधन संस्थेच्या जोडीला कोरो ही संघटना आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था होती. घरकाम कोणाचे, मारणे म्हणजे काय, लग्न कोणत्या वयात, यावर वर्गात गटागटाने बोलणे, खेळ, चर्चा. जिथे असे बसून बोलणे झाले तिथे मुलगे आणि मुली दोघांच्याही विचारांत बरोबरीकडे स्पष्ट फरक दिसला. मारामारीच्या बाबतीत चित्र तितके सरळ आले नाही, हेही नोंदवले गेले. नंतर हरियाणात ३१४ सरकारी शाळांत, सुमारे १४ हजार मुलांसोबत, अडीच वर्षे असाच प्रयोग झाला. कोणत्या शाळेत कार्यक्रम होणार हे तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते, त्यामुळे तुलना चोख झाली. विचार बदलले, कार्यक्रम संपून दोन वर्षे झाल्यावरही टिकले, आणि मुलग्यांनी घरकाम जास्त करत असल्याचे सांगितले. मुलींच्या वागण्यात तेवढा फरक पडला नाही. त्यांचा विचार बदलला तरी परवानगी घरच्यांच्याच हातात होती.

मजकुराच्या शेपटाला तृतीयपंथीयांवर एक टोमणाही आहे. त्याला एका वाक्यात उत्तर पुरे: २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली आणि शिक्षणसंस्थांत त्यांच्याशी भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे.

नाव काढून घ्या, हा सल्ला उरतो. पण मुंबईच्या बऱ्याच शाळांत काढायला नावच नाही. गाईड कंपनी सुरू करायला प्रशिक्षण घेतलेली बाई लागते. त्यासाठी निवासी शिबिराला आठवडाभर जायचे, परत आल्यावर मतदारयादी, सर्वेक्षण आणि पोर्टलवरची माहिती भरायची, वर संघांची तयारी शनिवारी बिनमोबदला करायची. कोणी तयार झालीच तर दोन वर्षांत तिची बदली होते. मग वेळापत्रकात स्काऊट-गाईडचा तास छापलेला असतो, आणि त्या तासाला दहावीचे गणित चालते. मुलगे-मुली एकत्र बसवून.