चोबाईलम चपवल

आमच्या घरात एक नियम आहे, पोरासमोर भांडायचं नाही. बायकोनेच आणला तो, कुठल्यातरी रीलमधून, आणि ऐकायला इतका शहाणपणाचा वाटला की मी पण लगेच मान डोलावली. आईबाबांचं एकमत नाही हे पोराला एकदा कळलं की तो बरोबर त्या फटीत बोट घालतो म्हणे. पटलं. पण डोंबिवलीच्या वन बीएचकेत पोरासमोर नाही तर भांडायचं कुठे ते त्या रीलमधल्या बाईने सांगितलंच नाही, तिच्या मागे अख्खं गार्डन दिसत होतं!

मी धपाटा पंथाचा. म्हणजे तत्त्वतः. पाच वर्षांत एकदाच हात उचलला, तो पोराने खाली वाकून चुकवला आणि माझी करंगळी कपाटावर आपटून दोन दिवस सुजली. बायको समजावणी पंथाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत पण मुलांना मारायला बंदी आहे, हे ती महिन्यातून दोनदा ऐकवते. मी म्हणतो शाळेत ना, घर कुठे आलं त्यात? ती म्हणते, वा, म्हणजे तुला कायदाच लागतो.

गेल्या महिन्यात फ्रिजमागून वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून फ्रिज सरकवला तर मागे दोडक्याची भाजी, चार दिवसांची, वर कापसासारखी बुरशी. चिरंजीव घास गालात धरून पाणी प्यायला म्हणून उठत होते ते यासाठी. मी अर्थातच धपाट्याच्या बाजूने, पण बायको म्हणाली थांब, आपण केलेली घाण आपण काढायची, त्यालाच साफ करू दे. दिलं करायला. तर साहेबांच्या हातात स्प्रेची बाटली आली आणि पुढचा पाऊण तास त्याच्या आयुष्यातला सर्वात सुखाचा काळ होता, फडकं शेवटी मीच मारलं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमागे भेंडी. आणि वर हा सांगत आला, "आई, मी परत टाकलंय हां, आता स्प्रे दे."

आता यावर चर्चा नको का व्हायला? बाथरूममध्ये नळ सोडून करून बघितली, तर बाहेरून दारावर थापा, "तुम्ही दोघं आत काय करताय?" आणि नेमक्या शेजारच्या काकू वाटी परत द्यायला दारात. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडून बघितलं, पण बायकोला टाइप करायचा कंटाळा, तिने किचनमधून व्हॉइस नोट पाठवली आणि मी ती चुकून स्पीकरवर लावली. "तूच लाडावून ठेवलायस" हे तीन माणसांनी ऐकलं. इंग्रजीचा प्रश्नच नव्हता, त्यात घरात मीच कच्चा.

मग आठवली च ची भाषा! शाळेत दोघांनाही यायची, पहिल्या अक्षराच्या जागी च आणि ते अक्षर शेवटी. दोन आठवडे काय सुख होतं म्हणून सांगू, समोरासमोर, पोराच्या डोक्यावरून, मनसोक्त भांडलो आम्ही.

परवा विषय मोबाईलचा. बायको म्हणे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दिवसाला एक तास, बास. मी म्हटलं ते पाच वर्षांच्या आतल्यांना, हा मार्चमध्ये सुटला त्यातून. (असे मुद्दे मला ऑफिसात का सुचत नाहीत देव जाणे.) ती काही हटेना, डोळे वटारून म्हणाली, "चोबाईलम चपवल." मी गुपचूप तो उशीखाली सारला.

पोरगा रंगवत होता. मान वर न करता म्हणाला, "चलाम चोबाईलम चवाह."

मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. "तू शिकवलंस ना?" दोघं एकदमच ओरडलो, शुद्ध मराठीत, त्याच्यासमोर, आणि मग जे सुरू झालं त्यात माझी आई, तिची आई, दोडका, स्प्रे सगळं निघालं. वीसेक मिनिटांनी पोराची आठवण झाली तर तो बेडरूममध्ये, दार आतून ओढलेलं, आणि उशी जमिनीवर.