पूर्वजांचा कागद आणि वेरोनाचा मठ

भारताच्या फुटबॉल संघात ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना) घ्यावं का, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, त्यामुळे पासपोर्ट भारतीय असेल तरच भारताची जर्सी. भाचा म्हणतो, "मामा, नियम बदला, संघ दोन वर्षांत सुधारेल." दाजींचं उलट: बाहेरून आणलेल्या पोरांनी जिंकलेला सामना आपला कसा? इतकी वर्षं इटलीत काढल्यावर मला दोघांचंही पटत नाही, आणि त्याला कारण आहे इटलीकडून खेळलेला फुटबॉलपटू जोर्जिन्यो.

जन्म ब्राझीलमधल्या इम्बितुबाचा. आई स्वतः फुटबॉल खेळणारी. वाळूत चेंडू कसा आपलासा करायचा ते तिनेच शिकवलं. पंधराव्या वर्षी तो इटलीतल्या वेरोनाला आला आणि इतर मुलांसोबत एका मठात राहिला, आठवड्याला 20 युरोंवर. दीड वर्ष हे असंच चाललं. त्याच्या वाटचे पैसे मधला एजंट खात होता, हे वेरोना क्लबातल्या एका ब्राझिलियन गोलरक्षकाच्या लक्षात आलं, असं त्याने स्वतः सांगितलंय. जोर्जिन्योने रडत घरी फोन केला, तेव्हा इतक्या जवळ पोचून परत आलास तर घरात घेणार नाही, असं आईने बजावलं. पुढे सांबोनिफाचेझे या खालच्या स्तरावरच्या छोट्या संघात उमेदवारी, मग वेरोना, नापोलीत प्रशिक्षक सार्रींच्या हाताखाली मधल्या फळीचा सूत्रधार, मग इंग्लंडमधला चेल्सी.

2015 मध्ये, मिलानच्या इंटर क्लबचा प्रशिक्षक असताना, रोबेर्तो मान्चिनी म्हणाला होता की राष्ट्रीय संघ इटलीत जन्मलेल्यांचाच असावा. तोच 2018 मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक झाला आणि त्याने संघाची मधली फळी जोर्जिन्योभोवती बांधली. 2021 च्या युरो स्पर्धेत स्पेनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शेवटची पेनल्टी याचीच. धावत येऊन छोटी उडी, गोलरक्षक कुठे झुकतोय ते बघायचं, आणि चेंडू अलगद दुसऱ्या कोपऱ्यात. मग वेम्बलीवर करंडक. त्याच वर्षी स्वित्झर्लंडविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याने पेनल्टी दवडली आणि इटलीचा कतारमधल्या 2022 च्या विश्वचषकाचा रस्ता अवघड झाला. तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या घरच्या माणसाला घालतात तशा होत्या.

त्याला इटालियन पासपोर्ट मिळाला तो वडिलांकडच्या पूर्वजांमुळे. पण त्याला घडवलं मठाने, सांबोनिफाचेझेने, नापोलीने. भाचा हेच विसरतो. नुसतं रक्त पाहून आणलेला खेळाडू तुम्हाला फार तर एक सामना जिंकून देईल. मधली फळी अशी उभी राहत नाही.

आणि दाजींना सांगायचं तर, जन्मभूमीचा हट्ट धरूनही न्याय होत नाही. इथेच बघा. इटलीकडून खेळलेला बालोतेल्ली पालेर्मोत जन्मला, तरी आईवडील घानाचे म्हणून नागरिकत्वासाठी अठरा वर्षांचा होईपर्यंत थांबला. नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट दहावरून पाच वर्षांवर आणण्यासाठी जून 2025 मध्ये सार्वमत झालं, ते पुरेसं मतदान न झाल्याने बाद ठरलं. शेजारच्या मोरोक्कन कुटुंबाची मुलगी वेरोनाच्या बोलीत भांडते, तरी कागदावर परकी. मला याचा मनापासून राग येतो.

ऑस्ट्रेलियात वाढलेल्या फुटबॉलपटू रायन विल्यम्सने 2025 मध्ये तिथला पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मूळची मुंबईची. पण पासपोर्ट घेण्याआधी तो दोन मोसम बंगळुरू क्लबकडून भारतातल्या लीगमध्ये खेळला होता. माझ्या मते नियम असाच हवा: आधी काही वर्षं भारतात राहा, खेळा, मग जर्सी मागा. आणि ही वर्षं काढायला देशात बारा महिने चालणारी लीग हवी, पंधराव्या वर्षीचं पोरगं सांभाळणारी वसतिगृहं हवीत. भाच्याने आणि दाजींनी मिळून फुटबॉल महासंघाशी भांडावं ते यासाठी.